गळतंय एकीकडे, जातंय दुसरीकडे

वाचकांचे प्रश्न : जुन्या डिझेल गाड्या

पावसाळा सरला, गाड्या पुन्हा लांबच्या रस्त्याला लागल्या, आणि नेहमीप्रमाणे पत्रांचा गठ्ठा डिझेलच्या वासाचा निघाला. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर त्याहून मोठं. निम्म्या पत्रांचा प्रश्न तोच असल्यामुळे बाकीच्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : काका, बाबांची २००३ ची क्वालिस गेल्या वर्षापासून मी चालवते. बाबा सांगायचे, लिटरला १३ देते. माझ्या हातात ती ९ च्या वर जात नाही. अंगणातल्या फरशीवर रोज सकाळी हाताच्या पंजाएवढा डिझेलचा डाग असतो. बॉनेट उघडलं की वास येतो. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, मग धूर सोडत चालू होते. दुपारी मात्र एका झटक्यात लागते. कुंभार्ली घाट चढताना मागं काळा धूर निघतो. एक गॅरेजवाले म्हणतात पंप ओव्हरहॉल करा, दुसरे म्हणतात इंजिन उतरवा, तिसरे म्हणतात विकून टाका. बाकी गाडीची तक्रार नाही. मागच्या उन्हाळ्यात गरम व्हायची, तेव्हा मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला, त्यानंतर काही त्रास नाही. टायर नवे आहेत, रस्ता खराब म्हणून एक साइज मोठे घातलेत. गळती थांबली की ॲव्हरेज परत येईल ना? (एक वाचक, पाटण, जि. सातारा)

उत्तर : नाही येणार. पण गळती आधी थांबवायचीच आहे, आणि तिचं कारण वेगळं आहे. ते पुढं सांगतो.

आधी हिशेब. मी नोकरीभर एसटीच्या कार्यशाळेत पंप-नोझलच्या टेबलावर होतो (पंप म्हणजे डिझेल दाबानं ढकलणारा, नोझल म्हणजे ते इंजिनात फवारणारा). तिथं ॲव्हरेज दहा लिटरमागं मोजतात, केपीटीएल म्हणतात त्याला. त्यामुळे कुणी 'फार गळतंय' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती? डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान, साधारण चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब टपकत असेल तर तासाला ९० मिली. तुमची गाडी ताशी ४० नं चालली आणि लिटरला ९ देत असली, तर तासाला साडेचार लिटरच्या आसपास पिते. म्हणजे टपटप गळणारी गाडीसुद्धा शंभरातले दोन रुपये सांडते. आता उलटा हिशेब करा. १३ ऐवजी ९ म्हणजे १०० किलोमीटरला पावणेआठऐवजी अकरा लिटर. तीन-साडेतीन लिटर जादा. ते सगळं गळून जायचं तर मिनिटाला चार-पाच चमचे डिझेल रस्त्यावर पडायला हवं. ती गळती राहत नाही, धार होते. मागून येणारा दुचाकीवाला हॉर्न मारून तुम्हाला थांबवेल. फरशीवरच्या डागानं घाबरू नका. पाच मिली डिझेल सांडलं तरी ते हाताच्या पंजापेक्षा मोठं पसरतं.

तेव्हा तुमच्याकडे तक्रारी तीन आहेत आणि त्या एकाच पत्रात आल्यामुळे एकच वाटताहेत. डाग ही एक, सकाळचा सेल्फ ही दुसरी, ॲव्हरेज ही तिसरी. तीन गॅरेजवाल्यांपैकी प्रत्येकानं तिन्हींवर मिळून एकच औषध सांगितलं, तिथं गोंधळ झाला.

डागापासून सुरुवात करू. गाडी थंड असताना पंप, नोझल, फिल्टर आणि सगळ्या पाइपा डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं धुऊन घ्या, फडक्यानं कोरड्या करा. मग त्यावर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. जिथं पावडर ओली होईल त्यातली सर्वांत वरची जागा बघायची. डिझेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागं जातं, म्हणून थेंब जिथून पडतो तिथं गळती जवळजवळ कधीच नसते. पंपाच्या बुडाशी लोंबणारा थेंब बघून पंप उतरवलेला मी पुष्कळदा पाहिलाय, आणि मूळ वर नोझलच्या रिटर्न पाइपच्या वॉशरमध्ये निघालेलं असतं. चारी नोझलांच्या डोक्यावरून ती पाइप जाते, तिच्याखालच्या वॉशरी चपट्या झाल्या की झिरपायला लागतात. ही वॉशर एकदा आवळली की तिचं आयुष्य संपलं. तांब्याची असेल आणि नवी हाताशी नसेल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, ती पुन्हा मऊ होते. पण नवी इतकी स्वस्त असते की हा उद्योग आडरानातच करावा.

वॉशरी कोरड्या निघाल्या तर पंपाकडे या. तुमच्या गाडीला रोटरी पंप आहे. त्याच्या पोटात डिझेल ओढणारा छोटा पात्यांचा पंप (वेन पंप) असतो आणि बॉडीत काही बार दाब कायम असतो, त्यामुळे बाहेर गळायच्या त्याच्या जागा ठरलेल्या. वर ॲक्सिलरेटरची तार जिला जोडलेली असते त्या शाफ्टची ओ-रिंग (गोल रबरी कडी). मागं, जिथून चार हायप्रेशर पाइपा निघतात, त्या हेडची ओ-रिंग. आणि पुढं मुख्य शाफ्टचं सील. पहिल्या दोन गळती त्रासाच्या आहेत, तिसरी धोक्याची. क्वालिसचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. शाफ्टचं सील गेलं की डिझेल बेल्टच्या कव्हरमध्ये उतरतं, रबर फुगतं, आणि एक दिवस बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. तेव्हा पावडर लावायच्या आधी बेल्टच्या कव्हरच्या खालच्या कडेला बोट फिरवून वास घ्या. तिथं डिझेल असेल तर हे उत्तर पुढं वाचू नका, गाडी चालवू नका, बेल्ट आणि सील दोन्ही बदला.

सील किट बदलणं आणि पंप ओव्हरहॉल करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बिलावर ती बऱ्याचदा एकाच नावानं येतात. सील किट म्हणजे रबर बदलायचं. ओव्हरहॉल म्हणजे हेड-रोटर, कॅम प्लेट, रोलर तपासून, झिजलेलं बदलून बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) पुन्हा कॅलिब्रेशन. पंप उघडला की बेंचवर एकदा लावून डिलिव्हरी तपासावी हे बरोबर. पण नुसत्या ओ-रिंगसाठी हेड-रोटरचं बिल लागत असेल तर जुना हेड-रोटर हातात मागा आणि त्यावर चरे कुठं आहेत ते दाखवायला सांगा.

आणखी एक. पंप कुणी आधी उघडला असेल तर बँजो बोल्ट (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) बघा. डिझेल आत येतं तो बोल्ट आणि रिटर्नला बाहेर जातं तो बोल्ट बाहेरून सारखेच दिसतात. रिटर्नच्या बोल्टवर इंग्रजीत 'आउट' कोरलेलं असतं आणि त्याच्या पोटात बारीक भोक असतं. त्या भोकामुळेच पंपात दाब टिकतो आणि त्या दाबावरच टायमिंगचा ॲडव्हान्स (वेग वाढला की डिझेल थोडं आधी सोडणं) चालतो. दोन बोल्ट एकमेकांच्या जागी गेले तर गाडी चालू होते, चालतेही. पण ओढत नाही, धूर सोडते आणि डिझेल पिते. दोन मिनिटांत कळणारी गोष्ट आहे आणि तिच्यापायी अख्खी इंजिनं उतरलेली आहेत.

हायप्रेशर पाइपचं नट झिरपत असेल तर ते गाडी बंद करूनच आवळा. चालू इंजिनवर गळती बोटानं चाचपायची नाही. नोझल उघडायला या गाडीत सव्वाशे-दीडशे बार लागतात. त्या दाबाची बारीक फवारणी कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतून हात सडतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी तासाभरात मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि 'डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. बघायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा. आणि गळती आधी थांबवायची म्हणालो ती एवढ्यासाठी की गरम सायलेन्सरच्या पाइपवर हे डिझेल पडलं तर पेट घेतं.

आता सकाळचा सेल्फ. तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकलणारं काही नाही; पंपच ते ओढून घेतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीवर असते. ओढीवरची फट बाहेर गळत नाही, आत हवा घेते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते, डिझेल उतरून टाकीत जातं, आणि सकाळी सेल्फ ते पुन्हा वर आणत बसतो. दुपारी लाइन भरलेली असते म्हणून झटक्यात लागते. तुम्ही लिहिलेलं लक्षण हेच आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर लगेच लागली तर दोष हवेचा. नाही लागली तर हीटर प्लग (थंड इंजिनाला सुरुवातीची उब देणारे) तपासा, एकेक काढून बॅटरीवर.

हवा घेते हे नक्की झालं की पहिला संशय त्या प्रायमरवरच घ्या. त्याच्या आतला डायफ्राम इतक्या वर्षांत चिरलेला असतो. मग फिल्टरची रबर रिंग (बदलताना जुनी वर चिकटून राहते आणि तिच्यावर दुसरी बसवली जाते), मग फिल्टरखालचा पाणी सोडायचा स्क्रू, मग टाकीजवळचे रबरी होज. खात्रीसाठी फिल्टर ते पंप हा होज काढून तिथं तेवढ्याच जाडीची पारदर्शक नळी घाला आणि इंजिन चालू करा. बुडबुडे सलग दिसले तर फट फिल्टरमध्ये किंवा त्याच्या टाकीकडच्या बाजूला आहे. टाकी वगळायची असेल तर फिल्टरला टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी जोडा; बुडबुडे थांबले तर टाकीकडच्या लाइनमध्ये दोष. हे सगळं काम तुमच्या गावच्या कुठल्याही हुशार पोराकडून होतं.

राहिलं ॲव्हरेज. ज्यावरून तुम्ही घाबरलात ते, आणि ज्याचं अर्धं उत्तर तुम्हीच 'बाकी तक्रार नाही' म्हणून पत्राच्या शेवटी लिहून टाकलंय.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याची उब राखणारा व्हॉल्व्ह, परत बसवा. गाडी गरम झाली की तो काढून टाकायचा ही आपल्याकडची रीतच आहे, आणि काढल्यावर काटा खाली आला की सगळे खूश होतात. पण मूळ दुखणं, रेडिएटर चोंदलेला, ते तसंच राहतं, आणि इंजिन आयुष्यभर थंड चालतं. तुमच्या इंजिनात डिझेल आधी छोट्या खोलीत पेटतं, मग सिलिंडरमध्ये येतं. अशा इंजिनाला उब फार लागते. थंड भिंतीवर डिझेल अर्धवट जळतं, ऑईल घट्ट राहतं, आणि कोयनेच्या थंडीत सकाळची पहिली पंधरा मिनिटं ते नुसतं डिझेल खातं. माझ्या अंदाजानं लिटरमागं अर्धा ते एक किलोमीटर इथंच जातोय. रेडिएटर उघडून साफ करून घ्या, मग थर्मोस्टॅट बसवा. नुसता बसवलात तर येत्या उन्हाळ्यात मला पुन्हा पत्र लिहाल.

मोठे टायर. चाकाचा घेर वाढला की एका किलोमीटरला चाक कमी वेळा फिरतं आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतो. कराडहून साताऱ्याकडे हमरस्त्यानं जाताना दगडांवरून २० किलोमीटर मोजा. मीटरवर १९ पडले तर तुमचा ९ चा आकडा मुळात साडेनऊचा आहे. अर्थात जड टायर ओढायला थोडं डिझेल खरंच जातं, पण मीटरमुळे झालेला तोटा तर कागदावरचा आहे.

मग बाबांचे १३. ते कुठल्या रस्त्यावरचे हे विचारून घ्या. पाटण-चिपळूण घाटात चार-चार दिवसांनी एक फेरी, बाकी बाजारापर्यंत ये-जा, आणि बाबांची पंढरपूर-सोलापूरची सपाट धाव यांची तुलना होत नाही. ॲव्हरेज काढायची माझी पद्धत अशी : एकाच डिझेल पंपावर, त्याच नोझलनं, पहिल्या कटऑफला (नोझल आपोआप बंद पडतो तिथं) थांबून टाकी भरायची, गळ्यापर्यंत भरायचं नाही. निदान अर्धी टाकी वापरून झाल्यावर पुन्हा तशीच भरायची आणि असं लागोपाठ तीनदा करून सरासरी काढायची. काही जण लिटरभर डिझेल बाटलीत घेऊन इंजिनला जोडतात आणि किती किलोमीटर जाते ते बघतात. पद्धत चांगली, पण रिटर्नची पाइपसुद्धा बाटलीतच सोडावी लागते. रिटर्न टाकीत राहिली तर बाटलीतलं बरंचसं डिझेल गुपचूप टाकीत जातं आणि गाडी लिटरला पाच देते असं दिसतं. यावरून गाडी विकलेले लोक मला माहीत आहेत.

पुढचं पटपट. दहा-बारा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवून थांबा आणि चारी चाकांच्या मधोमध हात लावा. एक चाक इतरांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय. मागच्या ड्रमची हँडब्रेकची केबल गंजून अडकणं नेहमीचं. टायरची हवा थंड असताना बघा. एअर फिल्टर उन्हात धरा, पलीकडचं काही दिसत नसेल तर टाका.

एवढं झाल्यावर घाटातला काळा धूर राहिला तर, आणि तरच, नोझलकडे जा. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. चारी नोझल काढून टेस्टरवर लावायला सांगा आणि समोर उभ्या राहा. फवारा धुक्यासारखा, सरळ आणि एकसारखा निघायला हवा. धार पडता कामा नये. दाब थोडा कमी धरून ठेवला तर टोकाला थेंब जमता कामा नये. आणि चारी नोझलांचा दाब सारखा हवा. नोझलच्या टिप बदलणं पंपाच्या ओव्हरहॉलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून क्रम हाच ठेवायचा. नोझल चांगले निघाले तर पंपाचं टायमिंग डायल गेजनं तपासून घ्या. पंपाच्या मागच्या फ्युएल स्क्रूला कुणी हात लावलाय का तेही बघा. त्याचं सील तुटलेलं असेल तर 'पिकअप वाढवून देतो' म्हणणारा कुणीतरी येऊन गेलेला आहे.

इंजिन उतरवायचं की नाही याचा निर्णय कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय घ्यायचा नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत मला तरी इंजिन उतरवण्याजोगं काही दिसत नाही. ऑईल कमी होत नसेल आणि ऑईल भरायचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येत नसेल, तर त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांना नमस्कार करून पुढं जा.

प्रश्न : माझा टाटा ४०७ भाजीच्या फेऱ्या करतो. बाहेर एक थेंब गळत नाही, गाडीखाली कोरडं आहे, पण डिझेल जास्त लागतंय. गंमत म्हणजे इंजिन ऑईल कमी होण्याऐवजी गेजवर वर चढलंय. ऑईल न पिणारं इंजिन म्हणजे चांगलंच ना? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : हे वाचून झाल्यावर गाडी बाजारात नेऊ नका. ऑईल वाढत नसतं. तुमच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या कप्प्यात, डिझेल उतरतंय आणि गळती बाहेर दिसत नाही ती म्हणूनच.

गेज काढून वास घ्या. मग एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि तासभर ठेवा. मधे काळा डाग आणि त्याच्याबाहेर तेलकट, फिकट कडं लांबवर पसरलं तर त्यात डिझेल आहे. (ऑईल दुधाळ झालं असेल तर मात्र पाणी आहे, ते दुखणं वेगळं.) तुमच्यासारख्या लाइन पंपाच्या गाडीत (प्रत्येक सिलिंडरसाठी डिझेल दाबणारा वेगळा एलिमेंट, सगळे एका ओळीत) डिझेल आत जायचे मार्ग थोडेच. टाकीतून डिझेल आणून देणाऱ्या फीड पंपाचा दांडा जिथून पंपात शिरतो तिथलं सील झिजतं. किंवा पंपातले एलिमेंट झिजून डिझेल खाली कॅमच्या कप्प्यात झिरपतं, आणि तो कप्पा इंजिनच्या ऑईलशी जोडलेला असला की थेट चेंबरमध्ये. किंवा एखादा नोझल उघडाच राहतो आणि न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली उतरतं. तसं असेल तर तो सिलिंडर ठोके देतो आणि थंडीत पांढरा धूर सोडतो. आधी फीड पंप काढा, तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा दोषी.

पातळ ऑईलवर बेअरिंग जातात हे एक. दुसरं जास्त वाईट. चेंबर भरत गेलं की इंजिन ते मिश्रण खालून ओढून जाळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, आपोआप रेस घेत जातं. तसं कधी झालंच तर चौथा-पाचवा गिअर टाकून ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा. दोष काढल्यावर ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदला. 'चांगलंच दिसतंय, काढून गाळून टाकू' हा विचार मनात आणू नका.

प्रश्न : जुना गॅरेजवाला म्हणतो, नवं डिझेल आल्यापासून जुन्या गाड्यांचे पंप गळायला लागले. सरकारनं मुद्दाम केलंय म्हणतो. तथ्य किती? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पहिल्या वाक्यात तथ्य आहे. दुसऱ्याबद्दल त्यांनाच विचारा.

डिझेलमधलं सल्फर २०१० च्या बीएस (भारत स्टेज) तीनमध्ये दहा लाखात ३५० भाग होतं, २०१७ ला देशभर बीएस चार आलं तेव्हा ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस सहामध्ये १०. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. जुन्या पंपांच्या ओ-रिंगा नायट्राइल रबराच्या. त्या ॲरोमॅटिक घटकांनी थोड्या फुगून वर्षानुवर्षं खाचेत घट्ट बसलेल्या असतात. ते घटक घटले की रबर आकसतं. नवं रबर लवचीक असतं, ते सांभाळून घेतं. वीस वर्षं उष्णता खाऊन कडक झालेलं रबर आकसलं की खाचेत सैल पडतं आणि झिरपू लागतं. अमेरिकेत १९९३ मध्ये सल्फर ५०० वर आणलं तेव्हा कॅलिफोर्नियासकट बऱ्याच ठिकाणी जुन्या गाड्यांचे पंप असेच गळले होते. उपाय तेव्हाही हाच होता : व्हिटॉन या वेगळ्या रबराच्या ओ-रिंगा. सील किट घेताना तेवढं विचारून घ्या. एकदा बदलल्या की तो विषय मिटतो. त्यासाठी गाडी विकायची गरज नाही.

याच पत्रात विचारलंय की सल्फर गेलं म्हणून वंगण कमी पडतं, तर टाकीत टू-स्ट्रोक ऑईल घालू का? नको. वंगणपणाची किमान मर्यादा आपल्या डिझेलच्या मानकातच आहे आणि ती पाळण्यासाठी लागणारं द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. ज्यांना घातल्यावर आवाज कमी वाटतो त्यांनी घालावं, पण ॲव्हरेजसाठी नाही. रॉकेल तर अजिबात नको, रोटरी पंपाला आत डिझेलशिवाय दुसरं वंगणच नाही. आणि हमरस्त्याकडेला कॅनमधून 'बायोडिझेल' म्हणून जे स्वस्तात मिळतं त्याच्याकडे बघूही नका.

प्रश्न : जुनी ट्रॅक्स. मोकळ्यावर रेस चढ-उतार करते, काळा धूर, डिझेल दीडपट. पंप नुकताच बेंचवर करून आणला, तिथं सगळं बरोबर होतं. (एक वाचक, चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : पंपाच्या मागच्या बाजूला हवेच्या गळ्याकडून आलेली रबरी नळी दिसते का बघा. दिसत असेल तर तुमचा गव्हर्नर (पंपातला डिझेल कमी-जास्त करून रेस सांभाळणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो. इंजिनची ओढ आतल्या चामडी डायफ्रामला खेचून डिझेल कमी करते. नळीला चीर गेली, क्लिप सैल झाली किंवा डायफ्राम फाटला की ओढ पोचत नाही, आणि गव्हर्नर समजतो की इंजिनला जोर हवाय. तो डिझेल सोडत राहतो. बेंचवर ही नळी गाडीची नसते, म्हणून तिथं सगळं बरोबर दिसलं.

इंजिन बंद करून नळी काढा. स्टॉपचा लिव्हर पूर्ण दाबून धरा, नळीच्या तोंडाची जागा अंगठ्यानं बंद करा आणि लिव्हर सोडा. तो जागेवर राहिला किंवा अगदी सावकाश परतला तर डायफ्राम चांगला आहे, नळी बदला. फटकन परत आला तर डायफ्राम फाटलाय. जुना नुसता कडक झाला असेल तर पातळ तेलाचं बोट लावून मऊ होतो, पण ते चार दिवसांचं काम.

प्रश्न : डिझेलमध्ये भेसळ आहे हे पंपावर कसं ओळखायचं? (तीन वाचक, वेगवेगळ्या गावांहून)

उत्तर : डेन्सिटी तपासून मागा, तो तुमचा हक्क आहे. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता ठेवावाच लागतो. तुमच्यासमोर जारमध्ये डिझेल घेऊन आकडा काढतात आणि तक्त्यावरून १५ अंश तापमानाला आणतात. तो त्या दिवशीच्या नोंदवलेल्या आकड्याशी ३ च्या फरकात जुळायला हवा. मात्र एक लक्षात घ्या, डिझेल ८३० च्या आसपास आणि रॉकेल ७९५ च्या आसपास असतं. शंभरात दहा भाग रॉकेल मिसळलं तर आकडा साडेतीनने हलतो. म्हणजे थोडी भेसळ या तपासणीत जेमतेम सापडते. मोठी असेल तर लपत नाही.

मापाची शंका असेल तर वैधमापनचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा, तेही प्रत्येक पंपावर असतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तिथंच तक्रारवहीत लिहा आणि पावती जपून ठेवा. तिघांपैकी एकानं लिहिलंय की पंप बदलल्यावर ॲव्हरेज दोन किलोमीटरनं वाढलं. नव्या पंपावर टाकी कुठल्या कटऑफला थांबली आणि जुन्या पंपावर कुठल्या, ते आधी कळवा.